ब्लू कार्ड बाबांच्या नावावर, जर्मन भाषा आईच्या वाट्याला: म्युनिकजवळच्या एका मराठी कुटुंबाचं प्रकरण

परदेशात बस्तान बसवण्याच्या गोष्टी आपल्याकडे बहुतेक वेळा ज्याला नोकरी लागली त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतात. पगार किती, कर किती कापतात, ऑफिसातली माणसं कशी आहेत, थंडी किती पडते. म्युनिक आणि आसपास नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांना कागदपत्रांत, फॉर्म भरण्यात मी जमेल तशी मदत करतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. नोकरी करणाऱ्याचं कसंही निभावतं. घर अडतं ते त्याच्या मागून आलेल्यांपाशी. म्हणून हे प्रकरण त्या बाजूनं लिहितो आहे.

नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदलले आहेत. घरात एकमेकांना ज्या नावांनी हाक मारतात तीच इथे वापरतो: बाबा, आई, लेक आणि सांगलीच्या आजी.

कुटुंब

बाबा गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं सॉफ्टवेअर लिहितात. मूळ सांगलीचे, नोकरी हिंजवडीत. आई फिजिओथेरपिस्ट, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटी. कोथरूडमध्ये दोन खोल्यांचं स्वतःचं क्लिनिक होतं, गुडघेबदल झालेल्या ज्येष्ठांची तिथे संध्याकाळी रांग लागायची. लेक निघताना आठ वर्षांची. आजी, म्हणजे बाबांच्या आई, विश्रामबागेत एकट्या राहतात. मुलगी इचलकरंजीत, त्यामुळे हाकेच्या अंतरावर कुणीतरी आहे.

बाबा एप्रिल २०२२ मध्ये आले. आई आणि लेक ऑगस्टमध्ये, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या बेतानं. क्लिनिक बंद करताना आईनं टेबल, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शनचं मशीन एका ज्युनिअरला देऊन टाकलं. ‘तिकडे तर फिजिओची टंचाई आहे म्हणे, वर्षभरात सुरू करशील,’ असं सगळेच म्हणत होते. टंचाई आहे हे खरं होतं. वर्षभराचं गणित मात्र कुणी मांडलेलंच नव्हतं.

अट नव्हती म्हणून अभ्यास नव्हता

युरोपीय ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला नोकरीसाठी मिळणारा राहण्याचा परवाना. त्यासाठी जर्मन येण्याची अट नाही. पदवी हवी आणि ठरलेल्या रकमेच्या वर पगार हवा. २०२२ साली ही रक्कम वर्षाला ५६,४०० युरो होती, आणि अभियंते, आयटीवाले वगैरे टंचाईच्या व्यवसायांसाठी ४३,९९२. बाबांचा करार त्याच्या बराच वर होता. जोडीदारालाही इथे सवलत आहे. एरवी नवऱ्यामागून किंवा बायकोमागून जर्मनीला येणाऱ्याला जर्मन भाषेच्या ए-वन परीक्षेचा दाखला लागतो (ही सगळ्यात खालची पायरी, पुढे ए-टू, बी-वन, बी-टू). ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तो लागत नाही, शिवाय आल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा असते.

कागदावर ही मोठी सोय आहे, आणि या घराचं पहिलं वर्ष याच सोयीनं खाल्लं असं मला वाटतं. दाखला लागणार नव्हता म्हणून पुण्यातल्या शेवटच्या चार महिन्यांत आईनं जर्मनचं पुस्तक उघडलं नाही. तिच्याकडे वेळही नव्हता, कारण बाबा पुढे गेल्यावर घर भाड्यानं देणं, सामान आवरणं, शाळेचा दाखला, पेशंट दुसरीकडे लावून देणं हे सगळं तिच्याच अंगावर होतं. बाबांचं ऑफिस इंग्रजीत चालायचं. टीममध्ये तमिळ, स्पॅनिश, तुर्की, रोमानियन, दोन जर्मन. बाबांना जर्मन लागत होतं ते कँटीनमध्ये, तेही बोट दाखवून भागत होतं.

पुढे २०२४ मध्ये बाबांना कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला. ब्लू कार्डवाल्याला तो बी-वन जर्मन असेल तर २१ महिन्यांनी मिळतो, आणि नुसतं ए-वन असेल तर २७ महिन्यांनी. बाबांनी दुसरा रस्ता धरला. ए-वन म्हणजे नाव-गाव सांगणं, वेळ विचारणं, दुकानात मागणं. त्याच देशात आईला स्वतःचा व्यवसाय करायचा तर बी-टू लागणार होतं, म्हणजे पेशंटशी, डॉक्टरशी, विमा कंपनीशी बोलता-लिहिता येईल इतकं. ज्याच्यासाठी कुटुंब आलं त्याच्याकडून हा देश सगळ्यात कमी भाषा मागतो, आणि मागून आलेल्या बायकोकडून व मुलीकडून सगळ्यात जास्त. या तिघांच्या तीन वर्षांतली जवळजवळ प्रत्येक ओढाताण मला तिथूनच निघालेली दिसते.

घर, पेटी आणि तीन नावं

घर मिळालं गेर्मेरिंगला. म्युनिकच्या पश्चिमेचं हे गाव, आठ नंबरची एस-बान, म्हणजे लोकल गाडी, थेट शहरात आणि तशीच पुढे विमानतळापर्यंत जाते. तीन खोल्या, वरचा मजला, अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, कायद्यानं त्याहून जास्त घेता येत नाही. स्वयंपाकघरात नळाचे पाइप आणि एक प्लग, बाकी रिकामी भिंत. इथे पुष्कळ भाडेकरू ओटा-कपाटं स्वतःची आणतात आणि जाताना घेऊन जातात, हे बाबांना करारावर सही करताना कळलं. आधीच्या भाडेकरूनं आपला ओटा जरा जास्तच भावानं गळ्यात मारला; घाई होती म्हणून घेतला.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करावी लागते, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्या नोंदीवरून टॅक्स नंबर पोस्टानं येतो, त्यावरून पगार नीट निघतो. हे सारं सुरळीत पार पडलं. गोंधळ झाला नावांचा.

मराठी पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. जर्मन फॉर्म त्याला दोन पहिली नावं समजतो. त्यामुळे लेकीच्या वर्गाच्या यादीत तिच्या नावापुढे बाबांचं नाव लागलं, आणि पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेताना ते दोन्ही मोठ्यानं वाचलं. पोरगी घरी येऊन म्हणाली, ‘त्या मला बाबाच्या नावानं हाक मारतात.’ हे एका चिठ्ठीनं मिटलं. आईचं नाही मिटलं. तिची पदवी माहेरच्या नावावर. पासपोर्ट सासरच्या. लग्नाचा दाखला महापालिकेचा, त्यावर माहेरचं नाव एका स्पेलिंगनं, विद्यापीठाच्या कागदावर दुसऱ्या. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे पदवीची फाइल याच एका अक्षरावर परत आली.

पोस्टाच्या पेटीवर आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन टपाल टाकत नाही, परत पाठवतो. नव्या माणसांना मी पहिली गोष्ट सांगतो ती हीच. या देशाचं सगळं काम अजून कागदी पत्रांवर चालतं, आणि पेटीवर नाव नाही म्हणजे बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, टॅक्सचं पत्र सगळं गेलं.

शाळेचं पहिलं वर्ष

बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. लेक वयानं तिसरीत बसली. जर्मन अजिबात न येणाऱ्या मुलांसाठी काही शाळांत वेगळा वर्ग असतो, या शाळेत नव्हता. त्यामुळे तिला नेहमीच्याच वर्गात घातलं आणि आठवड्यातले काही तास बाजूला घेऊन जर्मन शिकवायची सोय केली.

सामानाची यादी आली. त्यात नुसतं ‘वही’ असं लिहिलेलं नसतं. वहीचा आकार, पानं, समास आणि रेघांचा नंबर. पहिलीच्या रेघा वेगळ्या, दुसरीच्या वेगळ्या, तिसरीच्या त्याहून वेगळ्या, दुकानात कव्हरावर नंबर छापलेले. वर जर्मनच्या वहीला लाल कव्हर, गणिताला निळं, परिसर अभ्यासाला हिरवं. बाबांनी ऑफिसातून येताना एकाच प्रकारच्या दहा वह्या उचलून आणल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या आठ परत गेल्या. आईनं मग यादी घेऊन दुकानात दीड तास घालवला, आणि एका अनोळखी बाईनं तिच्या हातातली यादी बघून न बोलता टोपलीत एकेक वही टाकली.

वह्यांचं हसण्यावारी गेलं. पत्रांचं जाणार नव्हतं. दप्तरात एक प्लास्टिकची फाइल असते, शाळेची पत्रं त्यातून येतात-जातात. बाबा रात्री दहाला फोन धरून त्यांचे फोटो काढायचे, फोन भाषांतर करायचा, मजकूर कळायचा. पण बऱ्याच पत्रांच्या तळाला एक तुटक रेघ असते. तिच्याखालची पट्टी कापून, सही करून, परत पाठवायची असते. फोन ते सांगत नव्हता. पोहण्याच्या तासाची पट्टी अशीच राहिली. बुधवारी वर्ग बसनं तलावावर गेला, लेकीकडे ना पोशाख, ना टॉवेल, ना परवानगी. ती वरच्या बाकावर शाळेचे बूट घालून बसून राहिली. त्या रात्री ती जेवली नाही. का, ते तिनं दोन दिवसांनी आजीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आणि आजींकडून आईला कळलं.

यावर घरात जो वाद झाला तो मी दोघांकडूनही ऐकला. बाबांचं म्हणणं, ‘मी नोकरी सांभाळून किती बघू?’ आईचं म्हणणं, ‘मग मला कोर्सला कधी पाठवतोस?’ दोघंही खोटं बोलत नव्हते.

जोडीदार म्हणून आलेल्या माणसाला सरकारी इंटिग्रेशन कोर्स करता येतो. ६०० तास भाषा, १०० तास देशाची ओळख: राज्यघटना, इतिहास, समाज. वर्ग बहुधा सकाळी नऊ ते दुपारी एक. लेकीची शाळा काही दिवस ११.२० लाच सुटायची. शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या केंद्रात जागा नाही, यादीत नाव घाला म्हणाले. त्यातून २०२२ साली युक्रेनमधून लाखो माणसं जर्मनीत आली होती, भाषेच्या वर्गांना जागाच नव्हत्या. आईला तारीख मिळाली फेब्रुवारी २०२३ ची.

तोवर ती घरात. डिसेंबरात इथे सकाळी आठला उजाडतं आणि साडेचारच्या आत अंधार पडतो. पुण्याचं घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास पुढे, त्यामुळे लेक शाळेतून येईपर्यंत बहिणीचं, मैत्रिणींचं दुपारचं जेवण उरकून त्या कामाला लागलेल्या. पुण्यात दिवसाला पंधरा माणसांच्या सांध्यांना हात लावणारी ही बाई दिवसभरात बोलायची ती लेकीशी, नवऱ्याशी आणि कधीमधी कचऱ्याच्या डब्यापाशी भेटलेल्या तळमजल्याच्या फ्राउंशी, म्हणजे शेजारच्या जर्मन बाईंशी. प्लास्टिक पिवळ्या पिशवीत की डब्यात, एवढाच विषय.

नव्वद दिवस

कोर्सची तारीख मिळाली, पण ११.२० चा प्रश्न उभाच होता. तो आजींनी सोडवला. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपभेटीच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. बाबांच्या डोक्यात आजींना मे-जूनमध्ये आणायचं होतं: ऊन, तळी, डोंगर, साल्झबुर्ग. आई म्हणाली, ‘आई, तुम्ही फेब्रुवारीत याल का? थंडी आहे, पण मला तुमची गरज तेव्हा आहे.’ आजी पंच्याहत्तरीच्या घरातल्या, आयुष्यात सांगलीबाहेर लांबचा प्रवास म्हणजे काशी. त्या म्हणाल्या, ‘थंडीला काय, दोन स्वेटर घालीन. तू शीक.’

या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो. आपल्याकडचे आईवडील इथे येतात ते पाहुणे म्हणून, आणि त्यांचे नव्वद दिवस फिरण्यात आणि फोटोत जातात. इथे ते दिवस कोर्सच्या वेळापत्रकाला जोडले गेले. आजी काळी टोपी, बाबांचं जुनं जॅकेट आणि नऊवारीच्या आतून लोकरी पायमोजे घालून रोज शाळेच्या फाटकापाशी उभ्या राहायच्या. बर्फावरून चालताना नातीचा हात धरायच्या की नातीला धरवायच्या, सांगता येत नाही. दुपारी पिठलं-भात. आई दीडला घरी, तीनपर्यंत गृहपाठ. रात्री आजी विचारायच्या, ‘आज काय शिकवलं?’ आणि आई त्यांना मराठीतून जर्मन व्याकरण समजावायची. माझा अंदाज, तिला ते तिथेच पक्कं झालं.

एप्रिलअखेर आजी गेल्या. पुढची व्यवस्था: बाबा दोन दिवस घरून काम, आणि उरलेल्या लवकर सुटणाऱ्या दिवशी लेक एकटी घरी. गळ्यात किल्ली, फ्रीजमध्ये डबा, घरी पोचल्यावर तळमजल्याच्या फ्राउंच्या दारावरची बेल एकदा वाजवायची, म्हणजे आली हे त्यांना कळेल. आठ-नऊ वर्षांची जर्मन मुलं शाळेत एकटीच जातात-येतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. आईला पहिले काही दिवस कोर्समध्ये घड्याळाखेरीज काही दिसत नव्हतं. लेकीला मात्र त्या किल्लीचा भारी अभिमान होता.

शरद ऋतूत आई बी-वन पास झाली. त्या वर्षीच्या पालकसभेला ती एकटी गेली आणि टिपणं घेऊन आली. त्यानंतर घरातली जर्मन पत्रं बाबांकडे गेलीच नाहीत.

चौथीचा जानेवारी

बायर्नची शाळा चौथीनंतर मुलांना तीन वाटांवर पाठवते. गिमनाझियम, तिथून अबितुअर म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, आणि विद्यापीठ. रेआलशूले, पाचवी ते दहावी, पुढे तांत्रिक शिक्षण किंवा आणखी वर्षं शिकून विद्यापीठाकडेही जाता येतं. आणि मिटेलशूले, जिथून बहुतेक मुलं लवकर व्यवसाय-प्रशिक्षणाकडे वळतात. चौथीच्या मे महिन्यात मिळणाऱ्या प्रगतिपुस्तकात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी बघतात. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिमनाझियम, २.६६ पर्यंत रेआलशूले. दहा वर्षांच्या पोरांवर हा भार योग्य की अयोग्य, यावर जर्मन लोकच हिरिरीनं भांडतात.

जानेवारी २०२४ मध्ये मधल्या स्थितीचा कागद आला. गणित २, परिसर अभ्यास ३, जर्मन ४. सरासरी ३. म्हणजे दोन्ही दारं बंद.

परिसर अभ्यासाचं एक सांगायला हवं. हा विषय ऐकायला सोपा वाटतो, पण त्यात पाणी गावापर्यंत कसं येतं, नगराध्यक्ष काय करतो, जंगलात कुठले थर असतात हे सगळं वाक्यांत लिहायचं असतं. लेकीला पाण्याचं चक्र पुण्याच्या शाळेतच येत होतं. ते जर्मनमध्ये नीट लिहिता आलं नाही म्हणून गुण जायचे.

बाबा हादरले. शाळेत कायम वरच्या नंबरात आलेला माणूस. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात चौथीतल्या मुलांच्या आईबापांना हमखास विचारतात, ‘मग, गिमनाझियम ना?’ बाबांनी दोन आठवड्यांत तीन पर्याय काढले: शिकवणी, खासगी आंतरराष्ट्रीय शाळा, नाहीतर परत पुणे. आंतरराष्ट्रीय शाळेची फी पाहिल्यावर तो पर्याय आपोआप गळला. पुण्याला परत जाण्याचं ते गंभीरपणे बोलत होते. हिंजवडीतल्या जुन्या मॅनेजरला फोनही झाला होता.

आईनं फोन लावला तो शाळेला, बाईंची वेळ मागितली. ती भेट तिनं जर्मनमध्ये निभावली, अडखळत, वहीत लिहून नेलेल्या प्रश्नांवरून. आणि तिथे बाईंनी सांगितलं की नियमात एक तरतूद आहे. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी त्यांना पात्र ठरवता येतं, जर कमी गुणांचं कारण भाषेतला कच्चेपणा असेल आणि तो भरून निघेल असं शाळेला वाटत असेल. बाईंना तसं वाटत होतं. लेक गणितातले शाब्दिक प्रश्न सोडवते का, चुकलं तर विचारते का, हे त्या वर्षभर बघत होत्या.

हा नियम काही गुप्त नाही, छापलेला आहे. पण जर्मन न येणाऱ्या पालकापर्यंत तो पोचायचा तर कुणीतरी त्या खुर्चीत बसून विचारावं लागतं. त्या बैठकीला आईऐवजी बाबा असते, तर दुभाषा शोधण्यात महिना गेला असता आणि तोवर पुण्याची तिकिटं निघाली असती, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यांनाही ते पटतं.

मे महिन्यात प्रगतिपुस्तक तसंच आलं, सरासरी ३, आणि खाली गिमनाझियमसाठी पात्र असा शेरा. जिला गिमनाझियम खुलं तिला रेआलशूलेही खुली. आईनं रेआलशूले निवडली. बाबा महिनाभर गप्प होते.

माझं मत विचारलं तेव्हा मी आईच्या बाजूनं होतो, पण ठाम नव्हतो. गिमनाझियममध्ये पाचवीला इंग्रजी, सहावीला दुसरी परकी भाषा, आणि मूळ जर्मनच अजून कच्चं. रेआलशूलेत श्वास घ्यायला जागा मिळेल, दहावीनंतर गाडी पुन्हा विद्यापीठाकडे वळवता येईल. दुसरीकडे, खूप हुशार पोरीला उगाच खालच्या पायरीवर बसवतोय का, ही बाबांची शंका मला खोडून काढता आली नाही. निकाल शेवटी लेकीच्या बोलण्यानं लागला. चौथीत पोलिसांच्या देखरेखीखाली सायकलची परीक्षा असते, तिच्या तयारीत तिला एक मैत्रीण मिळाली होती. मैत्रीण रेआलशूलेला जाणार होती. ‘मग मी पण,’ एवढंच ती म्हणाली.

पदवी

दरम्यान आईची फाइल. जर्मनीत फिजिओथेरपी ही तीन वर्षांची व्यवसायशाळा आहे: शाळेत २,९०० तास, रुग्णालयात आणि दवाखान्यात १,६०० तास. परदेशी पदवीचा तासातास त्याच्याशी ताडून बघतात. आईच्या वेळचा बीपीटी साडेचार वर्षांचा पदवीक्रम, त्यामुळे आईला वाटलं होतं की आपलं पारडं जडच आहे. पण बघतात ते तास, पातळी नाही. विद्यापीठाकडून प्रत्येक विषयाचे तास लिहिलेला अभ्यासक्रम, शिक्क्यासह, मागवायला पुण्याच्या मैत्रिणीला तीनदा नाशिकला जावं लागलं. मग शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. लग्नाचा दाखला मराठीत, आणि मराठीतून थेट जर्मन करणारे अनुवादक मोजकेच. फाइल पाठवली, आणि ती नावाच्या स्पेलिंगवरून परत आली. प्रतिज्ञापत्र, पुन्हा भाषांतर, पुन्हा पोस्ट.

२०२४ च्या उन्हाळ्यात उत्तर आलं: पदवी अंशतः समतुल्य. कमी पडलेले विषय मुख्यतः मसाज आणि लसिकावाहिन्यांचा निचरा (सूज उतरवणारा हलक्या हाताचा मसाज), जे इथे फिजिओच्या कामाचा मोठा भाग आहेत आणि आपल्याकडे फारसे शिकवत नाहीत. पर्याय दोन, ज्ञानाची परीक्षा किंवा ठरावीक मुदतीचं पूरक प्रशिक्षण. आईनं प्रशिक्षण घेतलं. परीक्षा लवकर सुटका करते, पण प्रशिक्षणात पेशंट मिळतात, सहकारी मिळतात, आणि भाषा कानावर पडते.

तोवर ती गावातल्याच एका फिजिओ दवाखान्यात स्वागतकक्षात मिनीजॉब, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतची छोटी नोकरी, करत होती, त्या वर्षीच्या महिना ५३८ युरोच्या मर्यादेत. शेजारच्या खोलीत तिच्या निम्म्या अनुभवाची मुलं खांदे हलवत होती आणि ती बाहेर अपॉइंटमेंट लिहीत होती. याबद्दल ती कधी तक्रारीच्या सुरात बोलली नाही. एकदाच म्हणाली, ‘कोथरूडला मी रिसेप्शनिस्टला किती कमी पगार देत होते, ते इथे कळलं.’ त्या खुर्चीचा फायदाही झाला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय उपचार नाहीत, चिठ्ठीवर सहा वेळा लिहिलं असेल तर सातवी वेळ नाही, एका पेशंटला साधारण वीस मिनिटं: हे सगळं गणित तिला पाठ झालं. आणि फोनवर गावातल्या म्हाताऱ्यांची बायरिश बोली झेलायची सवय झाली, जी कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

पैसे, गाडी, आंबे

पैशांची ओढ होती, हाल नव्हते. एकाचा पगार, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, बायको कमावत नाही म्हणून करात मिळणारी सवलत, मुलीसाठी सरकारकडून महिना २०२२ मध्ये २१९ आणि २०२३-२४ मध्ये २५० युरो. आई आणि लेक बाबांच्या आरोग्यविम्यात वेगळा हप्ता न भरता बसल्या.

भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, मग लेखी आणि गाडीची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पुणे-सांगली रस्ता डोळे मिटून चालवणारे बाबा पहिल्यांदा नापास झाले. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ते विसरले.

शाळेच्या सुट्ट्यांचा मात्र सगळ्यांनाच जाच होतो. उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या तोंडावर लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, म्हणजे सांगलीत पाऊस आणि गणपतीची लगबग. लग्नं मेमध्ये. मुलाला शाळा बुडवून नेलं तर दंड होतो. मेअखेर-जूनमध्ये दोन आठवडे असतात, पण तोवर हापूस संपत आलेला असतो. आल्यापासून लेकीनं झाडाखालचा आंबा खाल्लेला नाही. घाऊक दुकानातून मागवलेली पेटी हा तिचा उन्हाळा.

आजींचा प्रश्न

आजी दुसऱ्यांदा २०२४ मध्ये आल्या, या वेळी जूनमध्ये, साल्झबुर्ग बघायला. परत गेल्यावर काही महिन्यांनी त्या न्हाणीघरात पडल्या. मोडलं काही नाही, पण त्यांची इचलकरंजीची मुलगी महिनाभर तिथेच राहिली आणि बाबा दोन आठवड्यांची रजा टाकून गेले.

मार्च २०२४ पासून जर्मनीनं कुशल कामगारांच्या आईवडिलांनाही इथे आणायची वाट उघडली. बाबांनी बातमी वाचून लगेच मला फोन केला. मग बारकाईनं वाचलं: ज्यांना असा परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ रोजी किंवा नंतर मिळाला, त्यांनाच. बाबांचं कार्ड २०२२ चं. दोन वर्षं आधी आल्याची ही शिक्षा. आणि वाट उघडी असती तरी त्या वयात आजींचा इथला आरोग्यविमा उतरवणं ही स्वतंत्र डोकेदुखी. कमावत्या मुलाच्या विम्यात आईवडील बसत नाहीत.

आजींना विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असतं: ‘मला काय करायचंय तिथं येऊन? शाळा सुटायची वेळ झाली की बाहेर पडावंसं वाटेल, आणि ती आता बसनं जाते.’

सध्या

आईचं प्रशिक्षण २०२५ मध्ये पूर्ण झालं, मान्यतेचा कागद आला, आणि ज्या दवाखान्यात ती फोन उचलायची तिथेच ती आता उपचार करते, अर्धवेळ. पूर्णवेळ घ्यायला मालक तयार आहेत. ती अजून ठरवत नाही, कारण दुपारचा प्रश्न आता लेकीचा राहिला नसला तरी तिला स्वतःला दुपार हवी आहे.

बाबा संध्याकाळच्या बी-वन वर्गाला जायला लागले आहेत. जून २०२४ पासून पाच वर्षांनी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, त्याला बी-वन लागतं, आणि २०२७ फार लांब नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट सोडायचा की नाही यावर घरात एकमत नाही. आई सोडायला तयार आहे. बाबा नाहीत. सुरुवातीला इथे यायचा हट्ट बाबांचा होता, हे दोघंही जाणून आहेत, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

लेक सहावीत आहे. जर्मनमध्ये तिला आता ३ मिळतात, गणितात १. सातवीपासून रेआलशूलेत शाखा निवडायची असते: गणित-विज्ञान, वाणिज्य, किंवा फ्रेंच वगैरे. बाबांनी गणित-विज्ञानाचा कागद भरून ठेवला होता. लेकीनं तो वाचला आणि खालची पट्टी तशीच ठेवून दिली. म्हणाली, आधी शाळेतल्या माहितीच्या सभेला जाऊन येऊ. सभा जर्मनमध्ये आहे. या वेळी बाबाही जाणार आहेत.